वाईटपणाची फी

कोल्हापुरात कुणी घराचं काम काढलं की गल्लीला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. मिस्त्री कोण, आणि किती गेले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी खरं देत नाही, आणि दिलंच तर ऐकणारा मनातल्या मनात त्यात दोन लाख घालून पुढच्या घरी सांगतो. अलीकडं तिसरा प्रश्न आलाय. इंटेरियर कुणाचं? आमच्याकडं इंटेरियर म्हणजे माणूस. ‘आज इंटेरियर जेवायला थांबणार हाय, मटण अर्धा किलो जास्त आणा’ हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलंय.

पूर्वी ह्या माणसावाचून आमचं काही अडत नव्हतं. सुतार यायचा. कानाला पेन्सिल, खिशात घडीची पट्टी, गालात तंबाखू. ‘कसलं करायचं?’ ‘पलीकडं वकिलांच्यात केलंस तसलं.’ ‘त्यात काय, करू की.’ झालं डिझाइन. मंगळवार पेठेत एका काळातली सगळी कपाटं एकाच उंचीची, एकाच पॉलिशची आणि एकाच ठिकाणी अडकणाऱ्या कडीची आहेत ती ह्यामुळं.

आता मधे इंटेरियर आलाय, किंवा आलीय. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर १९७२ चा कायदा आहे, कौन्सिलकडं नाव नोंदवावं लागतं. इंटेरियर डिझायनर म्हणवून घ्यायला व्हिजिटिंग कार्ड पुरतं. त्यामुळं ह्या धंद्यात चार-चार वर्षं शिकलेली माणसं आहेत आणि परवापर्यंत प्लायवूडच्या दुकानात गल्ल्यावर बसणारीही आहेत. ह्यातली दुसरी कधी कधी बरी, असं आमच्या मिस्त्रीचं मत. पण मिस्त्रीचं मत डिझायनरबद्दल आणि डिझायनरचं मिस्त्रीबद्दल विचारूच नये.

आमच्या मुलाचं लग्न ठरलं, मुलीकडची माणसं घर बघून गेली. चहा-पोहे झाले, सगळे गोड बोलले. जाताना मुलीच्या मामांनी सोप्यात उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, ‘जुनं ते सोनं.’ माणसं मनापासून बोलतात तेव्हा म्हणी वापरत नाहीत. त्याच रात्री मुलगा म्हणाला, ‘बाबा, इंटेरियर करून घेऊया.’

घर जुनं होतं म्हणणंही तसं खरं नव्हतं. ते तीन वेळा नवं झालं होतं, तेही एकावर एक. आजोबांनी बांधलं तेव्हा सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर, मागं परडं आणि वर माडी. हातभर जाडीच्या भिंती, त्यात कोनाडे, वर सागवानी तुळया. सत्तरच्या दशकात वडिलांना कोनाडे गावंढळ वाटायला लागले. त्यांनी ते विटांनी बुजवले, भिंती सपाट केल्या, खालच्या शहाबादीवरच ठिपक्याठिपक्यांची मोझॅक टाइल घातली, सोप्याला हॉल म्हणायला सुरुवात केली आणि हॉलला शोभेल अशी भिंतभर शोकेस करून घेतली. नव्वदीत माझी पाळी आली. मी सगळीकडं सनमायका लावला. खिडकीखाली जी जागा उरली तिथं कपाट, जिन्याखाली कपाट, कपाटावर कपाट. प्रत्येक पिढीनं आपापली फॅशन आणली आणि आधीच्या पिढीचा एक खिळाही टाकला नाही.

खरं दुखणं हेच. घरात प्रत्येकाच्या मनात टाकायच्या वस्तूंची यादी तयार होती. बायकोच्या यादीत शोकेस. माझ्या यादीत आईची लोखंडी ट्रंक, जी उघडायची किल्ली कुणाकडंच नाही. आईच्या यादीत माझी कात्रणं. मुलाच्या यादीत आम्ही दोघं सोडून सगळं. पण बोलायचं कुणी? बायको बोलली असती तर ‘सासरचं म्हणून खुपतंय’. मी बोललो असतो तर ‘बायकोनं शिकवलं’. मुलगा बोलला असता तर ‘अजून लग्न झालं नाही तोवर हे’. आणि आई बोलली असती तर आम्ही ऐकलंच असतं, म्हणून ती बोलत नव्हती. वाईटपणा घ्यायला घरात माणूस नव्हता.

मग इंटेरियर आली. राजारामपुरीची, पुण्यात शिकून आलेली, माझ्या मुलापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. मला काका, बायकोला काकू, आईला आजी. हातात टेप नव्हता, छोटं लेसर यंत्र होतं. भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि तिच्या हातात फूट-इंच उमटायचे. आमच्या मांजरानं त्या ठिपक्यामागं सगळा हॉल दोनदा पालथा घातला. घराचं सगळ्यात मन लावून निरीक्षण त्या दिवशी त्यानं केलं.

मापं झाल्यावर ती शोकेसपाशी थांबली. ‘आजी, उघडू?’

सरकत्या काचा खूप दिवसांनी सरकल्या. ती एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत गेली आणि आई एकेकीची ओळख करून देत गेली. संगमरवरी ताजमहाल, आत बल्ब, वायर तुटलेली. धाकट्या दिरानं आग्र्याहून आणला. सावंतवाडीची लाकडी फळं. त्यातल्या सीताफळाचा रंग उडालाय, कारण लहानपणी मी ते चावून बघितलं होतं. मण्यांचे राघू-मैना, आत्यानं केलेले, मैनेचा एक डोळा गेलेला. वडिलांच्या तालमीनं फुटबॉलमध्ये मारलेला कप, खरं तर त्याची छोटी नक्कल, कारण मोठा कप तालमीत. (ज्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे फक्त कुस्ती, त्यांनी पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असते त्या दिवशी शाहू स्टेडियमच्या आसपास गाडी लावून बघावी.) शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरचा टी-सेट. सहा कप, सहा बशा, किटली, सोनेरी काठ. आईच्या लग्नात आलेला, पाहुण्यांसाठी ठेवलेला.

‘आजी, ह्यात कधी चहा दिलाय?’

‘अजून तसलं कोण आलंच न्हाई.’

ती हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं फी तिथंच वसूल झाली असावी, पण ते पुढं.

बाहेरून माणूस आणून घर करून घेणं ह्या गावाला नवं नाही. आमचा नवा राजवाडा १८७७ ते १८८४ ह्या काळात उभा राहिला, तो मेजर चार्ल्स मँट ह्या इंग्रज इंजिनिअरच्या आराखड्यावर. टाउन हॉलही त्याचाच, बडोद्याचा लक्ष्मीविलासही मूळ त्याचाच. काळ्या दगडात त्यानं हिंदू, मुसलमानी आणि विलायती वळणं अशी मिसळली की आज ती वेगवेगळी करता येणार नाहीत. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. पण मँटनं हे पुरं झालेलं बघितलं नाही, तो १८८१ लाच गेला. आपण काढलेल्या इमारती कोसळणार ह्या धास्तीनं त्याचं डोकं फिरलं, असं सांगतात. राजवाडा अजून टणटणीत आहे. आणि ज्यांच्यासाठी तो बांधायला घेतला ते चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या देखरेखीत अहमदनगरच्या किल्ल्यात १८८३ च्या डिसेंबरात वारले, वय उणंपुरं वीस. कसला राजवाडा हवा हे त्या पोराला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पुढं दत्तक आलेल्या शाहू महाराजांचा जीव एवढ्या दरबारी थाटापेक्षा सोनतळीच्या कॅम्पावर जास्त रमायचा, हे गावात अजून कौतुकानं सांगतात.

राहणाऱ्याला विचारून घर करायचं हा धडा कोल्हापूरला राजवाड्यानं नाही शिकवला, सिनेमानं शिकवला. त्याआधी नाटकाचे पडदे होते. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. नाटक कुठलंही असो, राजवाडा तोच. हे पडदे रंगवायचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर. दोघं मामे-आतेभाऊ का चुलत ह्यावर लोक भांडतात, पण हात दोघांचा सारखाच चालायचा. बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. घरात रंग, लाकूड, दगड सगळ्याचं काम. पेंटर ही गावानं दिलेली पदवी. १९१६ साली आनंदराव गेले, बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आला. पडद्यावर रंगवलेलं घर सोडून बाबूरावांनी खरोखर उभं केलेलं घर कॅमेऱ्यापुढं आणलं, ज्याला खोली आहे, कोपरा आहे, ज्यात माणूस शिरून दिसेनासा होतो. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी आली. झोपडी कसली असावी हे त्यात कोण राहतो त्यावर ठरतं, एवढं साधं, पण ते आधी आपल्याकडं पडद्यावर फारसं कुणी केलं नव्हतं. त्यांच्याच हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि १९२९ साली त्यांनी इथंच प्रभात काढली. थोडक्यात, लाकडाच्या आणि पुठ्ठ्याच्या भिंतीआड माणूस कसा राहील ह्याचा विचार करणारे देशातले पहिल्या फळीतले कारागीर आमच्या गल्लीबोळांत सायकलीवरून फिरत होते.

म्हणून मला त्या थ्री-डीचं नवल वाटलं. आठवड्यानं आमची इंटेरियर टॅबलेटवर थ्री-डी चित्र घेऊन आली. आमचाच हॉल म्हणे. पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, छतात आत घेतलेली पिवळसर लाइटची पट्टी, टीपॉयवर काचेचा वाडगा, वाडग्यात हिरवी सफरचंदं. चपला नाहीत. कॅलेंडर नाही. हेल्मेट नाही. टीव्हीजवळ एक उंच फुलदाणी, तिच्यात तीन वाळक्या काड्या. खिडकीबाहेर समुद्र दिसत होता, जो मंगळवार पेठेतून कुठल्याच मजल्यावरून दिसत नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘काका, तो सॉफ्टवेअरमध्ये असतो. बॅकग्राउंड.’ शंभर वर्षांपूर्वी बाबूरावांनी फाडलेला राजवाड्याचा पडदा परत टांगला गेला होता. अशाच सफरचंदांचा वाडगा मी नंतर ताराबाई पार्कातल्या एका फ्लॅटच्या आणि उजळाईवाडीच्या एका बंगल्याच्या चित्रातही बघितला.

आईनं चष्मा लावला, टॅबलेट हातभर लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

‘ह्यांच्यात कोण वारलंय काय गं?’

मुलगा उठून आत गेला. पण ती पोरगी पक्की होती. तिनं टॅबलेट मिटला आणि म्हणाली, ‘आजी, चला स्वयंपाकघरात. तिथलं तुम्ही सांगा.’

इथून पुढं मी तिला मॅडम म्हणायला लागलो.

स्वयंपाकघरात तिनं लेसर पिशवीत टाकलं आणि साधा टेप काढला. आईनं माळ्यावरून चटणीची बरणी उतरवायला लावली. कोल्हापुरी घराची उंची-रुंदी बरणीनं ठरते हे पुण्यात शिकवत नसावेत. उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी मिरच्या आणायच्या, निवडायच्या, वाळवायच्या, कांदा-लसूण, खोबरं, तीळ, धणे भाजायचे आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. वर्षाची चटणी. ती चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचा खडा. ही बरणी मॉड्युलर किचनच्या कुठल्याही कप्प्यात मावत नाही, कारण ते कप्पे मुळात अशा घरासाठी काढलेत जिथं तिखट शंभर ग्रॅमच्या पाकिटातनं येतं. मॅडमनी बरणीची उंची मोजली, घेर मोजला, दोन्ही हातांनी उचलून वजन घेतलं. मग रश्श्याचं मोठं पातेलं मोजलं, तांबड्याचं वेगळं, पांढऱ्याचं वेगळं. मग बायकोच्या खांद्याची उंची आणि कोपराची उंची. ‘काकू, ओटा तुम्हाला खाली पडतो. पाठ दुखते ना?’ बायको माझ्याकडं बघायला लागली. इतकी वर्षं मी तिला त्या दुखण्यावर मलम आणून देत होतो.

मिस्त्रीचं आणि मॅडमचं जुळायला वेळ लागला. मिस्त्रीचा सगळा हिशेब शीटमध्ये. आठ बाय चार, बत्तीस फूट, त्यातनं किती पडतं आणि किती वाया जातं. मॅडम कागदावर पावणेदोन फुटाचा कप्पा दाखवायची, हा म्हणायचा दोन करा, नाहीतर तीन इंचाची पट्टी फुकट जाते. दोघंही बरोबर. तिला वापर दिसत होता, त्याला भंगार दिसत होतं. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, आणि ती गोष्ट मला ह्या सगळ्यात सर्वांत कामाची वाटली.

आमचं घर उंचावर आहे, पण बायकोच्या बहिणीचं शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की पंचगंगा धोक्याच्या वर, हे तिथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. २०१९ च्या आधी त्यांनी मोठ्या हौसेनं फर्निचर केलं होतं, खालून वरपर्यंत एमडीएफ. पाणी ओसरल्यावर ते फर्निचर हातानं दाबलं की भिजलेल्या खारीसारखं सुटायचं. गल्लीभर घराघरांपुढं तेच ढीग. आणि त्याच ढिगांच्या मधे सासऱ्यांचा सागवानी पलंग, चिखल धुऊन उन्हात ठेवलेला, चार दिवसांनी परत आत गेला आणि आजही त्यावर माणूस झोपतोय. मिस्त्रीनं त्या पुरानंतर असली बरीच कामं केली. आता त्या भागात गेला की तो आधी भिंतीकडं बघतो, पाण्याची रेघ कुठवर आहे ते. खालच्या भागाला लाकूडच नाही, कडाप्पा आणि विटांचे कप्पे, दारं तेवढी लाकडी, तीही बिजागरीतून उचलून काढता येणारी. लाइटची बटणं छातीच्या वर. बाकीच्याला सातशे दहा. हे सरकारी मानकाचं नाव, मरीन प्लायचं. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात घालून बघतात, थर सुटले नाहीत तर पास. दुकानदार प्रत्येक प्लायवर वॉटरप्रूफ म्हणून हात फिरवतो, पण शिक्का ७१० चा आहे की ३०३ चा हे खाली वाकून आपण बघायचं असतं. आमच्याकडं पूर येत नसला तरी सिंक गळतं, म्हणून सिंकखाली ७१०, हे दोघांनी एका सुरात सांगितलं.

बाकी कामाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी घराचं काम काढलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी काढलं नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. धूळ, परातीत सिमेंट, देवांची तात्पुरती बदली फ्रीजवर, ‘उद्या पोरं पाठवतो.’ वास्तुशास्त्रवाल्यांची एक फेरी झाली, त्यांनी गॅस हलवायला सांगितला, मॅडमनी पाइप कुठून येतो ते दाखवलं, ते गेले.

फक्त दोन गमती सांगायच्या. भिंत फोडताना वडिलांनी बुजवलेला कोनाडा लागला. मागं विटांच्या आत काजळी अजून तशीच, कारण तिथं आजीचा दिवा असायचा. मॅडमनी नेमकं त्याच भिंतीत दीड फुटाचा कप्पा काढून आत लाइट सोडायचं आधीच ठरवलं होतं. तेव्हा आजोबांनी फुकट दिलेली वस्तू वडिलांनी पैसे घालून बुजवली आणि नातवानं पैसे घालून उघडली. मोझॅकचंही तसंच. बाथरूमला जी नवी महागडी फरशी सुचवली ती ठिपक्याठिपक्यांची. मी हॉलमधल्या टाइलवर पाय ठेवून म्हटलं, ‘ही?’ मॅडम म्हणाल्या, ‘काका, ही तर ओरिजिनल आहे. हिला पॉलिश करू, काढायची नाही.’ ज्या फरशीला मी वीस वर्षं चटईखाली लपवत होतो ती आता घरातली सर्वांत फॅशनेबल वस्तू आहे.

लाइटबद्दल मात्र आई शेवटपर्यंत बधली नाही. मॅडमना ३००० केल्विनचा पिवळसर उजेड हवा, आईला ट्यूबचा पांढरा लख्ख, ‘तांदूळ निवडायला दिसाय नको?’ मॅडम सांगायला लागल्या की उजेडाला दिशा लागते, जागा लागते. हे आईला सांगणं म्हणजे कमाल. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तिनं लहानपणापासून बघितलाय. नोव्हेंबरात आणि परत जानेवारीच्या शेवटाला मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरतं, आज पायावर, उद्या कमरेवर, परवा तोंडावर. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं बटणाशिवाय हे बसवून ठेवलं, आणि अलीकडं महाद्वार रोडवरच्या इमारती वाढल्या, त्या मधे येतात म्हणून महापालिकेला मोजमापं घेत फिरावं लागतं. ‘तेवढा उजेड आण, मग ट्यूब काढते,’ आई म्हणाली. ट्यूब आहे. पट्टीच्या आड लपवलीय.

आता फीचं. कुणी चौरस फुटावर घेतात, कुणी एकूण खर्चावर टक्का. आमच्याकडं टक्का होता. भावानं ऐकून डोळे मोठे केले, ‘नुसतं सांगायचे एवढे?’ मला तो आकडा तेव्हा जड वाटला होता, आता वाटत नाही. ह्या गावाला पंच माहीत आहे. खासबागेच्या मैदानात दोघं पैलवान कितीही तालेवार असोत, खांदे टेकले की नाही हे तिसराच सांगतो, आणि तो ना ह्या तालमीचा ना त्या तालमीचा म्हणून लोक ऐकतात, शिव्या देतात पण ऐकतात. मॅडमनी घरातल्या एकेका वस्तूपाशी उभं राहून निकाल दिला. शोकेस काढायची. कप राहील, नव्या कप्प्यात, लाइटखाली. ताजमहालाची वायर जोडायची. लाकडी फळं जेवणाच्या टेबलावर. कात्रणं स्कॅन करायची, मग रद्दी (मी अपील केलं, फेटाळलं). ट्रंक कुलूपवाल्याकडून उघडून घ्यायची, मग ठरवू. आत जुन्या गोधड्या निघाल्या आणि माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. त्यातला गणिताचा रकाना बघून मुलानं ट्रंक ठेवायचीच असा हट्ट धरला. टी-सेटबद्दल निकाल एका वाक्याचा होता. ‘आजी, रोज वापरा, नाहीतर देऊन टाका. शोकेस नाही.’

आई दोन दिवस गप्प होती. माझ्यावर नाही, बायकोवर नाही, मॅडमवर राग. शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘आमचं कोण काय म्हणालं न्हाई हो, त्या पोरीनं सांगितलं.’ घरात किती शांतता होती त्या दोन दिवसांत! तिसऱ्या दिवशी सकाळी सोनेरी काठाच्या कपात चहा आला. महिन्याभरात दोन कप फुटले. त्यातला एक आईनंच फोडला आणि ‘कानच बारीक होता त्याचा’ म्हणून केरात टाकला.

घरं अशी बदलून घेणारं हेच गाव केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा रस्त्यावर येऊन रडलं होतं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर ते. लोकांची मागणी एकच, जसं होतं तसंच परत पाहिजे. खुर्ची हलली नाही पाहिजे. घरातलं सगळं बदलायला निघालेला माझा मुलगाही तिथं हेच म्हणत होता. मला ह्यात विसंगती दिसत नाही. नाट्यगृहात कुणाला कपाट ठेवायचं नसतं.

वास्तुशांतीला सगळी भावकी येऊन गेली. ‘किती गेले?’ सगळ्यांनी विचारलं, मी सगळ्यांना वेगवेगळं सांगितलं. मुलीच्या मामांनी परत वर बघितलं, ह्या वेळी म्हण सुचली नाही, तुळया मूळच्या आहेत का एवढंच विचारलं. सगळे पांगल्यावर गल्लीच्या टोकाचे एक गृहस्थ मागं राहिले. त्यांच्या घरात दोघे भाऊ, मधे वडिलांची लोखंडी कॉट, जी धाकट्याला हलवायचीय आणि थोरल्याला नाही. इकडं-तिकडं बघून त्यांनी मॅडमचा नंबर मागितला.

‘काम काढताय?’ मी विचारलं.

‘छे हो, डिझाइन नको आम्हाला. नुसतं यायचं, कॉटकडं बघायचं आणि दादासमोर म्हणायचं, हे इथं बसत न्हाई. तेवढ्याचे किती घेतील?’

मी नंबर दिला. मॅडम जाऊन आल्या म्हणे. व्हिजिटचे वेगळे घेतले, आणि वर सांगून आल्या की कॉट राहू दे, भिंत काढा.